पट्टीवरचा शेवटचा आकडा

(दृश्य: महाविद्यालयाचा व्हरांडा, सूचनाफलक.)

सिंधुदुर्गातल्या एका व्यवस्थापन महाविद्यालयाचा हा सूचनाफलक. वर्ष सरत आलं की इथे अभिनंदनाचे कागद लागतात. मार्केटिंग शिकवणारे सर पीएच.डी. झाले. एक माजी विद्यार्थिनी बँकेत शाखाधिकारी झाली. कुणी नेट उत्तीर्ण झालं, कुणाला पुण्यात चांगली नोकरी लागली. या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन.

मात्र याच महाविद्यालयातल्या माणसांनी गेल्या काही हंगामांत केलेली काही कामं या फलकावर कधी लागली नाहीत. त्यांचं प्रमाणपत्र मिळत नाही. ती बघायला आधी ग्रंथालयात जाऊ.

(दृश्य: ग्रंथालयातलं कपाट. फायली. एक कागद जवळून.)

हा कागद म्हणजे पट्टी. वाशीच्या फळबाजारातून बागायतदाराला येणारा विक्रीचा हिशेब. वर नाव, गाव आणि पेटीवरचा मार्का. खाली पेट्या किती, किती डझनी आणि काय दराने गेल्या. मग वजाबाकी सुरू होते: गाडीभाडं, हमाली, आणि पुष्कळदा उचल. उचल म्हणजे फवारणीच्या, राखणीच्या खर्चासाठी दलालाकडून आगाऊ घेतलेले पैसे. ज्याची उचल त्याच्याच गाळ्यावर माल, असा या धंद्यातला जुना रिवाज. सगळं वजा जाऊन तळाशी जो आकडा उरतो, तेवढाच घरात वाचला जातो. मग कागद खणात जातो आणि पुढच्या पावसाळ्यात कसर त्याचं काय करायचं ते करते.

कॉस्ट अकाउंटिंग शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गात सांगितलं, घरच्या पट्ट्या घेऊन या. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी चार-दोन तरी कलमं असतातच. पट्ट्या आल्या. ग्रंथपालांनी त्या सरळ केल्या, नावं झाकून झेरॉक्स काढल्या, वर्षवार आणि तालुकावार लावल्या. हे काम त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या बागांचा हिशेब आज या कपाटात एका जागी वाचता येतो. माझ्या मते या महाविद्यालयाची सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती एका ग्रंथपालाच्या हातून झाली आहे.

(दृश्य: हापूसची बाग. झेल्याने आंबे उतरवणारे गडी.)

पट्टीवर विक्री दिसते, पण पेटी बांधेपर्यंत काय लागलं ते तिच्यावर नसतं. ते शोधायला मॅडम मुलांना घेऊन बागेत उतरल्या. पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती दिलं जाणारं कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून घालायचं औषध. मोहोर आल्यावर तुडतुड्यांसाठी आणि फुलकिडीसाठी एकामागून एक फवारण्या. रात्रीची राखण. उतरवणी, निवड, खोका, पेंढा. यातलं बहुतेक बागायतदारांना तोंडपाठ होतं. अडलं ते एकाच ओळीवर. मॅडमनी वहीत लिहिलं, घरची मजुरी. देवगडकडचे एक काका म्हणाले, “मॅडम, घरच्या माणसांची मजुरी कोण धरता?”

मॅडमनी धरली. काकूंनी आढी लावण्यात, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत घालण्यात, आणि फळं परतवण्यात घातलेले दिवस धरले, कॉलेज बुडवून पेट्या भरणाऱ्या मुलाचेही धरले. बेरीज झाली आणि काका बराच वेळ वहीकडे बघत राहिले. सुरुवातीच्या पेट्यांनी पैसा दिला होता. ऐन मे महिन्यात, सगळीकडचा माल एकदम वाशीला उतरतो आणि दर कोसळतो, तेव्हाच्या काही खेपा मात्र पदरचे पैसे घालून गेल्या होत्या. इतकी वर्षं पट्टीच्या तळाशी अधिकातला आकडा दिसत होता, म्हणून हे कळलंच नव्हतं.

आता काकांनी हंगामाचे तीन भाग केलेत. आधीचं फळ वाशीला. मधलं शक्य तेवढं थेट गिऱ्हाइकाला, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये. शेवटचं, डागी आणि बारीक, किलोवर कॅनिंगला, म्हणजे डबाबंद रसाच्या कारखान्याला. दलालाशी वाकडं घेतलेलं नाही. उचल मात्र कमी घेतली. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५ च्या हंगामात देवगडच्या उत्पादक संस्थेने फळावर युनिक कोडचं स्टिकर आणलं. थेट विकणाऱ्याला याचा फार आधार आहे, कारण परराज्यातला आंबा देवगडच्या नावाखाली विकला जाणं हे इथलं जुनं दुखणं आहे. पण स्टिकर लावलेल्या डझनाचा दर काय सांगायचा, हे आपला खर्च माहीत असलेला माणूसच ठरवू शकतो.

मॅडमनी या सगळ्याची केस लिहिली. आधी मराठीत, काकांना वाचून दाखवता यावी म्हणून. नंतर इंग्रजीत. आता ती वर्गात शिकवली जाते.

(दृश्य: काजू प्रक्रिया युनिट. कटरवर बसलेल्या बायका.)

आता काजू. इथे भेटते याच महाविद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी, काजू उत्पादकांच्या कंपनीची मुख्य कार्यकारी अधिकारी. शेतकऱ्यांनाच सभासद होता येईल अशी उत्पादक कंपनी काढायची सोय कायद्यात २००२ साली झाली. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

काजूच्या धंद्याची खरी अडचण भांडवलाची. बी येते मार्च ते मे. वर्षभर युनिट चालवायचं तर वर्षाची बी त्या तीन महिन्यांत विकत घेऊन ठेवावी लागते. लहान कारखानदाराचे पैसे तिथेच संपतात. मग चतुर्थीच्या आधीच युनिट बंद, बायका घरी. या मुलीने बाजार समितीत जाऊन तारण योजनेचे कागद काढले. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, काजू बीसुद्धा तिच्यात बसते. माल गोदामात ठेवायचा, त्यावर सहा महिन्यांसाठी वार्षिक ६ टक्क्यांनी कर्ज. योजना सगळ्यांना ऐकून माहीत होती. आर्द्रता मोजून, पोती तोलून, वेळेत कागद पुरे करणारं कुणीतरी हवं होतं, ते या मुलीने केलं.

दुसरा बदल तिने कटरजवळ केला, आणि तो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. जरा या हातांकडे बघा. वाफवलेली बी पात्यांत धरायची, पायाने दाब द्यायचा, टरफल उघडायचं, गर अख्खा बाहेर काढायचा. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी सोलवटते, म्हणून आधी हाताला खोबरेल चोपडतात. मजुरी ठरायची निव्वळ किलोवर. किलोवर मजुरी म्हणजे घाई, आणि घाईत गर फुटतो. अख्ख्या गराचा भाव वेगळा आणि तुकड्या-पाकळीचा वेगळा. डब्ल्यू-३२० ही अख्ख्या गराची एक प्रत, म्हणजे एका पौंडात साधारण तीनशे ते तीनशेवीस अख्खे गर. डब्ल्यू-२४० त्याहून मोठा, म्हणून महाग. तिने मजुरीचे दोन दर केले. अख्ख्या गराला जास्त. वाढलेल्या भावातला वाटा थेट कटरवर बसणाऱ्या हाताकडे गेला.

सभेत यावर वाद झाला. मजुरी वाढवली तर बीचा दर कमी देणार का, असं काही सभासदांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. तिने फुटीचं प्रमाण फळ्यावर मांडलं, आधीचं आणि नंतरचं, आणि मतदान घेतलं. ठराव मंजूर झाला, एकमताने मात्र नाही. विरोधात मत दिलेले एक आजोबा आजही युनिटवर येऊन रोजची फूट वहीत बघून जातात. कटरवरच्या एका मावशींनी त्या दिवशी तिला एवढंच विचारलं, “बाय, ह्यो दर दिवाळीपर्यंत टिकतलो मा?” दर टिकला. युनिटही दिवाळीनंतर चालू राहिलं.

(दृश्य: बंदर. ओढून घेतलेल्या होड्या.)

मालवणकडच्या एका माजी विद्यार्थ्याविषयी थोडक्यात. घर रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्यांचं. रापणीत जाळं ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो, आणि वाट्यावरून कुरबुर ही नेहमीची. हा मुलगा आता रोजची मासळी, रोजचे वाटे मोबाइलवर लिहितो आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकतो. पावसाळी मासेमारी बंदीत, जून-जुलैमध्ये, जाळी दुरुस्त होत असतात तेव्हा वर्षाचा ताळा सगळ्यांसमोर वाचला जातो. तो याला फार मोठं काही मानत नाही. आम्ही मानतो.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर गावांची नावं.)

एमएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षानंतरचा उन्हाळी प्रकल्प बहुतेक मुलं मुंबईत करतात, आणि त्यांनी तो करावाही. पण मे महिन्यात इथेच आंबा उतरत असतो, काजू बी येत असते. म्हणून काही मुलांना जिल्ह्यातच ठेवायचा आग्रह मॅडमनी आणि सरांनी धरला. या वर्षीच्या वाटपात देवगडची पॅकहाउसं आहेत, काजूची युनिटं आहेत, तारकर्लीतली दोन न्याहारी-निवास घरंही आहेत. एका मुलीने कोकम मागून घेतलंय. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ पासून मानांकन आहे. पण रतांबा, म्हणजे कोकमाचं फळ, पिकतो मेअखेरीस, तेवढ्यात वळवाचा पाऊस येतो आणि कितीतरी फळ झाडाखालीच कुजतं. ते किती, हे तिला मोजायचंय. वहीचे रकाने तिने आखून ठेवलेत: झाडावर किती, खाली पडलेलं किती, आगळाला म्हणजे रसाला किती, आमसुलाला किती, आणि शेवटचा रकाना, घरची मजुरी.