एका फोनमधले दोन फोन

हा फोन कर्मचाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला आहे. त्यावर कार्यालयाचा ईमेल सुरू करायचा आहे आणि त्याआधी संमतीचे हे पान समोर आले आहे. मजकूर लांबलचक, अक्षर बारीक. अंगठा तो न वाचताच वर सरकवत जातो. वास्तविक संस्थेच्या हाती अख्खा फोन सोपवायचा की त्यातला एक कप्पा, हे याच टप्प्यावर ठरते.

येथे कप्प्याची व्यवस्था आहे. ॲपच्या यादीचे ‘वैयक्तिक’ आणि ‘कार्य’ असे दोन भाग झाले असून नव्या ईमेलच्या चिन्हाच्या कोपऱ्यात छोटी ब्रीफकेस उमटली आहे. या ‘वर्क प्रोफाइल’चा पाया २०१४ साली अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीने घातला. आता कार्यालयाच्या पत्रातली ही ओळ उचलून खासगी चॅटमध्ये चिकटवण्याची खटपट पाहा: संस्थेने मनाई केलेली असल्यामुळे ती तेथे उतरतच नाही. भिंत दुसऱ्या बाजूनेही तितकीच पक्की आहे. खासगी फोटो, संदेश किंवा त्या बाजूची ॲप संस्थेला दिसत नाहीत. कप्प्यातल्या कामावर मात्र तिची नजर राहू शकते, आणि ते रास्तही आहे. आयफोनमध्ये २०१९ साली आलेल्या ‘युझर एनरोलमेंट’नुसार कामाची माहिती स्वतंत्र विभागात, वेगळ्या डिजिटल किल्ल्या वापरून कूटबद्ध करून ठेवली जाते.

दुसऱ्या एका कर्मचाऱ्याचा फोन मात्र कप्प्यापुरता नव्हे, तर अख्खाच्या अख्खा संस्थेच्या नियंत्रणाखाली नोंदवलेला होता. अशा नोंदणीत संस्था सगळ्या ॲपची यादी मागवू शकते आणि दुरून आज्ञा देऊन फोन कोराही करू शकते. पडदा काळा होतो, आणि नव्या फोनवर दिसते तेच स्वागताचे पान उजळते. बॅकअप नसेल, तर फोटोही गेले.

संस्थांची धास्ती निराधार नाही. २०२२ साली लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत शिरलेल्या हल्लेखोराने एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावरील जुन्या मीडिया सॉफ्टवेअरमधील त्रुटीचा फायदा घेतला, कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम बसवला आणि त्या अभियंत्याचा मुख्य पासवर्ड मिळवला. पण त्यावर उतारा म्हणून कर्मचाऱ्याचा सगळा फोन ताब्यात घेण्याची गरज नाही. कामापुरती भिंत आणि वेळेवर अद्ययावत केलेले सॉफ्टवेअर यांचा आग्रह संस्थेला धरता येतो.

कामाची वेळ संपली आहे. कर्मचारी ‘कार्य’ विभाग थांबवतो, ब्रीफकेस असलेली सगळी चिन्हे करडी पडतात.