मालक वेगळा, दुकान वेगळं

(दहावीच्या निकालानंतर विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी चहा घेताना एका पालकांनी हळूच विचारलं, "सर, सायन्सला नंबर लागत नाहीये. मग आता कॉमर्सच ना?" त्या 'च'बद्दलच मला आज बोलायचंय. पंचवीस वर्षं मी अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवतोय आणि दर जूनमध्ये हा 'च' ऐकतोय.

गंमत म्हणजे आम्ही जी दुहेरी नोंद शिकवतो, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची पद्धत, ती छापील पुस्तकात सविस्तर मांडली लुका पाचोली नावाच्या गणितज्ञाने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. म्हणजे सायन्सवालाच की!

सी.ए. होता येतं, बँकेत लागता येतं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. खरंही आहे. पण माझ्या वर्गातली बरीच मुलं यातलं काहीच होत नाहीत. त्यांच्या पदरात काय पडतं?

एका मुलीचं सांगतो. वडिलांचं स्टँडजवळ चहा-नाश्त्याचं दुकान. अकरावीच्या सुरुवातीलाच आम्ही शिकवतो, मालक वेगळा आणि व्यवसाय वेगळा. मालकाने घरासाठी गल्ल्यातून पैसे घेतले की ते 'उचल' खात्याला नावे टाकायचे. वर्ग हसतो. स्वतःच्याच गल्ल्यातले पैसे, त्याची कसली नोंद? हिने मात्र दोनशे पानी वही घेतली आणि महिनाभर घरच्या दुकानाची रोजकीर्द लिहिली. भाजीला २००, रिचार्जला ३००, पाहुण्यांच्या रिक्षाला ८०. महिनाअखेरीस उचल निघाली २१,००० रुपये. वडील धरून चालले होते की धंदा बसला. धंदा बसला नव्हता, तो अख्खं घर ओढत होता. फक्त ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

मग तिचा पुढचा प्रश्न, "सर, फ्रीजचा घसारा धरायचा?" घसारा म्हणजे वापरून वस्तूची जी किंमत उतरते ती. ३६,०००चा फ्रीज, सहा वर्षं चालेल आणि भंगारात काही येणार नाही असं धरलं, तर महिन्याला ५०० रुपये झाले. ते कुणाच्या हातावर ठेवायचे नसतात, पण नफ्यातून वजा करावे लागतात. वडिलांना हे निम्मंच पटलं. "न दिलेला खर्च कसला?" म्हणाले. पण कटिंगचा भाव वाढवायचा झाला की हल्ली आधी लेकीला विचारतात.

बारावीत भागीदारी येते. दोन मित्र गाळा घेतात, एक पैसे घालतो, दुसरा दिवसभर गल्ल्यावर बसतो. "आपल्यात कसला करार?" असं म्हणत सुरुवात होते. आता १९३२चा भागीदारी कायदा काय म्हणतो बघा. काहीच ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा, मग भांडवल कुणाचं कितीही असो. गल्ल्यावर बसणाऱ्याला पगार नाही आणि भांडवलावर व्याजही नाही. भांडवलाच्या वर कुणी रक्कम घातली असेल, तर तिच्यावर तेवढं सहा टक्के. सतराव्या वर्षी हे चार मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. तिशीत गाळा घेताना ते आठवलं, तर मैत्री वाचते.

आमच्यातही खोट आहे. मुलं ताळेबंद पाठ करतात. गणितं सगळी कुठल्या तरी काल्पनिक ट्रेडर्सची, आणि खरं बिल हातात धरलेलं नसतं. म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीत सांगतो, ओळखीच्या एका दुकानात आठ दिवस बसा, दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जा.

आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींची यादी, जुळली म्हणजे हिशेब बरोबर, हा भ्रमही आम्हीच मोडतो. व्यवहार दोन्हीकडे लिहायचाच राहिला, तर तेरीज खुशाल जुळते. त्याच मुलीचा मध्ये फोन आला होता. "सर, तेरीज जुळतीय, पण गल्ल्यात ३४० रुपये कमी आहेत. कुठे चुकलं?"

म्हटलं, "वहीत शोधू नकोस. दुपारी गल्ल्यावर कोण बसलं होतं?"

थोडा वेळ ती गप्प. मग लांबून तिचाच आवाज आला, धाकट्या भावाला हाक मारताना.