दुसऱ्या दिवसाची सकाळ

श्रोतेहो, नमस्कार.

घरात तेरा-चौदा ते सतरा-अठरा वर्षांचं कुणी असेल आणि त्याला किंवा तिला घेऊन सायकलवर दोन दिवस बाहेर पडायचं तुमच्या मनात असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. डांबरी रस्ता सोडायचा, कच्च्या वाटेनं जायचं, एक मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. दोघंही या प्रकाराला नवखे आहात, असं मी धरून चालते.

अशी सफर आखताना आपण साधारणपणे पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. किती वाजता निघायचं, किती किलोमीटर जायचं, रात्री कुठे पोचायचं. माझं सांगणं असं, की दुसऱ्या दिवसाची सकाळ आधी डोळ्यासमोर आणा आणि तिथून मागे मागे येत सगळं ठरवा. सकाळी उठून मुलानं आपणहून चाकातली हवा दाबून बघितली, तर सफर जमली. तो नुसताच गप्प बसून राहिला, तर आदल्या दिवशी काहीतरी जास्त झालं. अंतर, चढ, सामान, सीट, झोप, सगळ्याला हीच कसोटी लावायची: याचं उद्या सकाळी काय होईल?

आधी अंतराचं बघू. डांबरी रस्त्यावर तासाला पंधरा-सोळा किलोमीटर सहज जाणारा माणूस खडी-मातीच्या वाटेवर ८ ते १० वर येतो. थांबे धरले तर त्याहूनही कमी. म्हणून पहिल्या दिवशी २५ किलोमीटरच्या आसपास आणि दुसऱ्या दिवशी १५ ते १८, एवढं नवख्या जोडीला भरपूर झालं. दुसरा दिवस मुद्दामच लहान ठेवायचा. आणि अंतराइतकंच, किंबहुना जास्तच, चढाकडे बघायचं. दिवसभरात मिळून ३०० मीटरपेक्षा जास्त चढण नको.

जिथे सायकल ढकलत न्यावी लागेल असं वाटतं, तिथला वेळ पायी चालण्याच्या हिशोबानं धरा. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली असा एक हिशोब मांडला होता: नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. म्हणजे साधारण पाच किलोमीटरला तास, सहाशे मीटर चढाला वेगळा तास. हातात सायकल असताना याहून लवकर कुणी जात नाही. आणि चढावर उतरून ढकलणं यात कमीपणा काही नाही, हे निघायच्या आधीच मुलाला स्पष्ट सांगून ठेवा. या वयात हार मानल्यासारखं वाटतं म्हणून मुलं मांड्या भरून येईपर्यंत पॅडल मारत राहतात, आणि ते दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं.

वाट कोणती निवडावी? बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर तयार केलेली वाट मिळाली तर फारच छान. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे ते मार्ग मुळात अगदी मंद उताराचे आखलेले असतात. कालव्याच्या काठचे रस्तेही तसेच सपाट. त्याखालोखाल जंगलातले किंवा शेतातले गाडीरस्ते. एका वेळी एकच सायकल जाईल अशी अरुंद, दगडांची, मुळ्यांची पायवाट पहिल्या खेपेला थोडीशीच असू द्या, अर्धा-एक किलोमीटर, आणि तीही पहिल्या दिवशी दुपारच्या आत, अंगात ताकद असताना. वाट वनखात्याच्या किंवा खाजगी जमिनीतून जात असेल तर परवानगीचं आधी विचारून घ्या. आणखी एक: कच्ची वाट डांबरी रस्त्याला अधूनमधून भेटणारी असावी. पाऊस आला, कुणी पडलं, मूड गेला, तर तिथून बाहेर पडता आलं पाहिजे. अशा जागा नकाशावर आधीच खुणा करून ठेवायच्या.

आणि हा नकाशा कुणी बघायचा? मुलानं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्यांनी सगळं ठरवून दिलेल्या सहलीत मूल प्रवासी असतं. वाट त्यानं शोधली असेल तर तोच चढ त्याला आपला वाटतो. माझा भाचा पहिल्यांदा समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा घेऊन बसला तेव्हा बराच वेळ एका जागी बोट ठेवून होता. मग म्हणाला, "मावशी, इथे रेघा एकमेकींना चिकटल्यात. म्हणजे इथे आपली वाट लागणार ना?" रेषा जवळजवळ म्हणजे चढ उभा, रेषा लांब लांब म्हणजे चढ सोपा. त्याला ते कुणी न सांगता कळलं होतं. त्यानं लगेच टेकडीला वळसा घालणारी दुसरी वाट काढली, दोन किलोमीटर लांबची. आम्ही त्याच वाटेनं गेलो.

आता सायकल. महागडी सायकल लागत नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात ज्या तरुणांनी डोंगरउतारावर सायकली घालायला सुरुवात केली, ते जाड टायरच्या जुन्यापुराण्या सायकलीच वापरत. पॅडल उलटं फिरवलं की लागणारा ब्रेक त्या सायकलींना असे, आणि उतार संपेपर्यंत मागच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं ग्रीस तापून जळून जाई. मग हब खोलून नवं ग्रीस भरावं लागे. म्हणून त्यांच्या १९७६ साली सुरू झालेल्या शर्यतीचं नावच 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणं, असं पडलं. सायकल साधी चालेल. ब्रेक मात्र उत्तम हवेत. दोन्ही लिव्हर दाबून बघा: हँडलच्या दांड्याला टेकत असतील तर केबल ताणून घ्यायला हवी. ब्रेकचे पॅड झिजले असतील तर निघायच्या आधी बदला, आणि नव्या पॅडवर घराजवळ थोडी सायकल चालवून घ्या.

मुलाच्या सायकलीचं माप पुन्हा बघा, सहा महिन्यांपूर्वी बघितलं असलं तरी. या वयात पाय भराभर लांब होतात आणि सीट जुन्याच उंचीवर राहते. सीट खाली राहिली की गुडघे दुखतात. सोपी पद्धत अशी: सीटवर बसवा, पॅडल सर्वांत खाली आणा, त्यावर टाच ठेवायला सांगा. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक येतो. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, तिच्यापेक्षा वर दांडा काढायचा नाही. खूण बाहेर दिसायला लागली तर सायकलच लहान झाली आहे.

टायर दोन इंच किंवा त्याहून रुंद असावेत. त्यांत हवा किती, यावर अर्धा आराम अवलंबून आहे. डांबरीसाठी टम्म भरलेला टायर कच्च्या वाटेवर प्रत्येक खड्याला उसळतो आणि तो प्रत्येक धक्का मनगटात आणि बुडाला बसतो. सव्वादोन इंची टायर, आत ट्यूब, अशा सायकलीला २५ ते ३० पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) आसपास सुरुवात करा. टायरच्या बाजूला कमाल आणि बहुतेकदा किमान दाब छापलेला असतो, त्याच्या आत राहा. पन्नास किलोच्या मुलाला पंच्याहत्तर किलोच्या माणसापेक्षा कमी हवा लागते, हे पंप हातात घेतलेले मोठे विसरतात. फारच कमी केली तर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटली जाते. तेव्हा ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर काटा समजा.

पंक्चर काढायला निघण्याआधी घरी एकदा बसाच. चाक मुलानंच खोलावं. टायर एका बाजूनं टायर-लिव्हरनं, म्हणजे टायर काढायच्या चपट्या पट्टीनं सोडवायचा, ट्यूब काढायची, थोडी हवा भरून गालाजवळ फिरवायची. बारीक भोकातली हवा कानापेक्षा गालाला आधी कळते. भोक सापडलं की घाई करायची नाही. ट्यूब टायरशेजारी तशीच धरायची, म्हणजे काटा टायरवर कुठे असेल ते समजतं, आणि मग टायरच्या आतून बोटं हळूच फिरवायची. काट्याचं टोक आत राहिलं तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. वाटेत मी ठिगळ लावत बसत नाही. सरळ नवी ट्यूब घालायची आणि फुटकीला मुक्कामावर ठिगळ लावायचं. म्हणून दोन ट्यूब, पंप, लिव्हर, ठिगळांचा डबा, ४-५-६ मिलिमीटरच्या ॲलन कीज (षटकोनी किल्ल्या), चेनची तोडजोड करायचं हत्यार आणि एक चेन लिंक, म्हणजे चेनची सुटी कडी, जवळ असू द्या. थोड्या केबल टायही.

सामान जितकं कमी तितकं बरं. पहिल्या खेपेला तंबू नको, डोक्यावर छप्पर असेल असा मुक्काम आधी ठरवा. पाठीवर जड पिशवी घेतली की सगळं वजन सीटवर येतं, आणि सीटचं दुखणं हेच दुसऱ्या सकाळचं सर्वांत मोठं संकट आहे. पाठीवर पाणी आणि रेनकोट, बाकी सायकलवर बांधा, जड वस्तू खाली आणि मध्याकडे. कॅरिअरचे बोल्ट खडखडून ढिले होतात, ते जेवायला थांबाल तेव्हा तपासा. पॅडची सायकलिंग चड्डी घ्यायची असेल तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवण घासते. संध्याकाळी पोचल्या पोचल्या ती काढून अंग धुवायचं. हे मुलांशी बोलायला संकोच वाटतो, पण बोलाच.

निघण्याआधीच्या दोन-तीन रविवारी जवळच्या मैदानावर उतारावरची बसण्याची पद्धत शिकून घ्या. उतारावर सीटवर बसायचं नसतं. दोन्ही पॅडल सारख्या पातळीवर, वजन पायांवर, कोपर आणि गुडघे सैल, एक-एक बोट ब्रेकवर, नजर चार-पाच मीटर पुढे. पुढच्या चाकासमोरच्या दगडाकडे बघितलं की नेमकं चाक त्याच दगडावर जातं. दोन्ही ब्रेक वापरायचे, पण सुट्या खडीवर पुढचा एकदम करकचून दाबायचा नाही. गिअर चढ लागायच्या आधी हलका करायचा. चढावर जोर लावताना बदलला की चेन कुरकुरते, कधी उतरतेही.

हेल्मेटबद्दल मी वाद घालत नाही, दोघांनीही घालायचं. भुवईच्या वर दोन बोटं एवढंच अंतर, हनुवटीखाली पट्ट्यात एक बोट जाईल इतकं घट्ट. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, ते टाकून द्यायचं.

प्रत्यक्ष वाटेवर सपाटीला आणि चढाला मुलाला पुढे ठेवा. वेग त्याचा राहतो आणि तो तुम्हाला दिसत राहतो. अनोळखी उतारावर तुम्ही पुढे. प्रत्येक फाट्यावर पुढच्यानं थांबायचं. आणि इथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: मागचा येऊन पोचला की पुढचा लगेच निघतो. पुढच्याची विश्रांती झालेली असते, मागच्याला ती मिळतच नाही. जो खरा दमलाय तोच दिवसभर न थांबता सायकल मारत असतो. म्हणून नंतर आलेल्यानं 'चल' म्हटल्यावरच निघायचं. थांबायचं म्हणण्याचा हक्क दोघांनाही सारखा, आणि कारण विचारायचं नाही.

पाणी तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर सहज लागतं, घाम जास्त येत असेल तर थोडं खारटही पोटात जाऊ द्या. खाणं दर पाऊण तासाला, घासभर. बोलकं मूल अचानक गप्प झालं किंवा क्षुल्लक गोष्टीवर चिडलं, तर समजावत बसू नका, आधी खायला द्या. बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. खरचटलं तर स्वच्छ पाण्यानं माती पूर्ण धुवून मगच पट्टी लावा. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं किंवा बोलणं गोंधळलं तर त्या दिवशी सायकल बंद आणि थेट डॉक्टर. यात तडजोड नाही.

घरी एका माणसाकडे तुमची वाट, मुक्कामाचं ठिकाण आणि फोन करायची वेळ लिहून ठेवलेली असावी. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि कागदावरही एक प्रत ठेवा.

सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी मुक्कामाला पोचायचं. उजेडात चेन पुसून तेल घालता येतं, बोल्ट बघता येतात, आणि मुलाला नुसतं हुंदडायला वेळ मिळतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीनं २०१६ साली सुचवलं आहे. दिवसभर सायकल मारलेल्या मुलाला त्यातले दहाच द्या. पहाटे उठवून सूर्योदय दाखवायचा मोह मलाही होतो. पहिल्या सफरीत मी तो आवरते.

सकाळी नाश्त्याच्या वेळी मुलाला विचारा: ठरलेल्या वाटेनं जायचं की छोट्या? दोन्ही वाटा आधी आखलेल्या असाव्यात, आणि छोटी निवडली तर चेहऱ्यावर नाराजी येऊ द्यायची नाही. सुरुवातीची दहा मिनिटं सीट टोचतेच. अंग गरम झालं की बरंच कमी होतं. अर्ध्या तासानंतरही कमी झालं नाही, तर जवळच्या डांबरी रस्त्याला लागा.

दुपारी घरी पोचलात की सायकली त्याच दिवशी धुवा, चिखल वाळायच्या आत. पाण्याचा जोराचा फवारा हबवर आणि पॅडलच्या बेअरिंगवर मारू नका, बादली आणि ब्रश पुरतो. चेन कोरडी करून तेल घाला, जास्तीचं फडक्यानं टिपून घ्या. फुटलेल्या ट्यूबा ठिगळ लावून परत पिशवीत ठेवायला सांगा. नमस्कार.