बलकावरचा फिकट ठिपका

कोंबडीत बाहेरचं जनुक घालायचं तर सुरुवात होते नुकत्याच घातलेल्या फलित अंड्यापासून. बलकावर तीन-चार मिलिमीटरचा फिकट ठिपका दिसतो, तोच भ्रूण. उंदराच्या एकपेशी भ्रूणात सुईने जनुक सोडता येतं. कोंबडीचं अंडं हाती येईपर्यंत मात्र फलनाला जवळजवळ एक दिवस झालेला असतो आणि त्या ठिपक्यात 40 ते 60 हजार पेशी असतात. एकेका पेशीला सुई कशी लावणार? पेशीत शिरायचं काम विषाणूकडे सोपवणं हा त्यावरचा एक मार्ग.

स्कॉटलंडमध्ये एडिनबराजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये हेलन सँग यांच्या गटाने 2004 मध्ये यासाठी घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू निवडला. त्याची वाढीची जनुकं काढलेली होती. तो पेशीत शिरतो, नवं जनुक डीएनएत बसवतो आणि तिथेच थांबतो.

बारीक काचनळीने ठिपक्याखालच्या पोकळीत एक-दोन मायक्रोलिटर द्रव सोडतात. याहून जास्त तिथे मावत नाही. त्यामुळे विषाणू आधीच भरपूर दाट करून ठेवावा लागतो.

खरी परीक्षा उबवताना होते. काचनळीसाठी कवचात खिडकी पाडलेल्या अंड्यातून पिल्लू क्वचितच सुखरूप निघतं. म्हणून भ्रूण दुसऱ्या कवचात वाढवतात आणि तीनेक दिवसांनी आणखी मोठ्या कवचात हलवतात. प्लास्टिकची वाटी का नको? पिल्लाच्या हाडांना लागणारं बहुतेक कॅल्शियम कवचातून येतं. वर पारदर्शक फिल्म ताणलेली असते. शेवटच्या दिवसांत फुप्फुसं चालू झाली की तिला भोकं पाडायची. ती वेळ चुकली तर पिल्लू गुदमरतं.

जन्मलेलं पिल्लू मिश्र असतं: काही पेशींत जनुक, काहींत नाही. रक्तात जनुक सापडलं तरी ते पुढच्या पिढीत जाईलच असं नाही. कोंबडा वयात आला की वीर्य तपासायचं आणि त्याची पिल्लं मोजायची. रोझलिनच्या दहा नरांच्या संततीत जनुक मिळालेल्या पिल्लांचं प्रमाण 4 ते 45 टक्के निघालं. या पिल्लांच्या मात्र प्रत्येक पेशीत जनुक असतं. ते डीएनएत कुठे बसलंय हे पिल्लागणिक वेगळं असू शकतं, त्यामुळे प्रत्येक वंश स्वतंत्रपणे तपासावाच लागतो.

2011 मध्ये याच पद्धतीने फ्लूविरोधी जनुक घातलेल्या कोंबड्यांना बर्ड फ्लूची लागण करण्यात आली. त्या स्वतः दगावल्या, पण शेजारच्या कोंबड्यांना लागण झाली नाही.