अळीमिळी गुपचिळी

(पडद्यावर: २३ मे १९८८. बीबीसी, लंडन. संध्याकाळी सहाच्या बातम्या.)

चित्राकडे नंतर बघू. आधी आवाज ऐका.

सू लॉली बातम्या वाचताहेत आणि त्यांच्या वाचनामागून कुणाचा तरी घुसमटलेला ओरडा येतोय. स्टुडिओत काही स्त्रिया घुसल्या आहेत. एकीनं स्वतःला बेडीनं जखडून घेतलंय. दुसरे निवेदक निकोलस विचेल जागा सोडून त्यांच्यातल्या एकीला दाबून बसलेत. लॉली गोंगाटाबद्दल प्रेक्षकांची माफी मागतात, स्टुडिओवर जरा चाल झाली आहे असं सांगतात आणि पुढची बातमी घेतात. सूर जराही न चढवता.

या स्त्रिया समलैंगिक होत्या. दुसऱ्या दिवसापासून कलम २८ लागू होणार होतं. स्थानिक प्रशासनानं समलैंगिकतेला 'प्रोत्साहन' द्यायचं नाही आणि सरकारी खर्चाच्या शाळांत अशा नात्याला कुटुंब म्हणून मान्यता देणारं काही शिकवू द्यायचं नाही, असा तो कायदा. कारण सांगितलं गेलं ते मुलांच्या रक्षणाचं.

त्याच १९८८ मध्ये ब्रॉडमूर या कडेकोट मनोरुग्णालयाचा कारभार सुधारायला सरकारनं एक कृती गट नेमला आणि त्याच्या प्रमुखपदी टीव्हीवरच्या जिमी सॅव्हिलला बसवलं. त्याच वर्षी रॉचडेलचे खासदार सिरिल स्मिथ 'सर' झाले. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा विषय निघाला की आज ब्रिटनमध्ये ही दोन नावं हटकून येतात.

तीन गोष्टी, वर्ष एकच. त्या एका वर्षापर्यंत हा देश कसा पोचला, ते बघायला बरंच मागे जावं लागतं.

(पडद्यावर: न्यायालयाची जुनी छायाचित्रं.)

१८८५ च्या कायद्यानं पुरुषा-पुरुषांमधला कुठलाही शारीरिक संबंध गुन्हा ठरवला. दोघं प्रौढ असोत, राजीखुशीनं असोत, बंद दाराआड असोत. शिक्षा, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये ती पूर्णच्या पूर्ण झाली. या कायद्याला लोक ब्लॅकमेल करणाऱ्यांची सनद म्हणत, आणि ते खरंच होतं. ज्याच्या हाती एखादं पत्र लागलं, त्याच्या हाती समोरच्याचं अख्खं आयुष्य लागत होतं.

१९५२ मध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग दोषी ठरले. तुरुंग टाळण्यासाठी त्यांनी संप्रेरकांचा उपचार पत्करला आणि दोन वर्षांनी ते गेले. १९५३ मध्ये नामांकित नट जॉन गिलगुड पकडले गेले, १० पौंड दंड झाला. पुढच्या वर्षी लॉर्ड माँटेग्यू आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघं तुरुंगात गेले. १९५८ मध्ये परराष्ट्र खात्याचे कनिष्ठ मंत्री इयन हार्वी सेंट जेम्सेस पार्कमध्ये एका सैनिकाबरोबर सापडले. न्यायालयानं बागेचे नियम मोडल्याबद्दल फक्त ५ पौंड दंड केला. मंत्रिपद गेलं, खासदारकी गेली.

दरम्यान जॉन वुल्फेंडेन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारची एक समिती याच विषयावर बसली होती. समितीपुढे दोन विषय होते, समलैंगिकता आणि वेश्याव्यवसाय. कार्यालयातल्या टंकलेखिकांना संकोच नको म्हणून या दोन गटांसाठी सांकेतिक नावं घेतली गेली, 'हंटली' आणि 'पामर'. एका प्रसिद्ध बिस्किट कंपनीच्या नावाचे ते दोन तुकडे. ज्या विषयावर कायदा बदलायची शिफारस करायची, त्याचं नाव त्याच कार्यालयात घ्यायची चोरी! अहवाल १९५७ मध्ये आला. कायदा बदलायला आणखी दहा वर्षं गेली. २७ जुलै १९६७ ला खासगीतला, राजीखुशीचा संबंध गुन्हा राहिला नाही, पण दोघंही २१ वर्षांवरचे असतील तरच आणि फक्त इंग्लंड-वेल्समध्ये. सैन्यातल्यांना ही सूट नव्हती. स्कॉटलंडला १९८० पर्यंत थांबावं लागलं, उत्तर आयर्लंडला १९८२ पर्यंत.

आता रेडिओकडे वळू, कारण तिथली गंमत वेगळी आहे. १९४९ च्या सुमाराला बीबीसीनं विनोदी कार्यक्रमांसाठी एक नियमपुस्तिका काढली होती. कशावर विनोद करायचा नाही, याची यादीच होती. शौचालयं नकोत. मधुचंद्राची जोडपी नकोत. ससे नकोत. (ससे का, ते तुम्हीच ओळखा.) आणि बायकी पुरुषांवर विनोद तर अजिबात नकोत.

वाटेल की ही बायकी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या पुरुषांबद्दलची कणव असेल. कणव कसली! ती माणसं अस्तित्वात आहेत हेच रेडिओवरून ऐकू येऊ नये, एवढाच हेतू.

मग १९६५ मध्ये 'राउंड द हॉर्न' आला. दर आठवड्याला ज्युलियन आणि सँडी नावाची दोन पात्रं घराघरांत शिरू लागली. ती 'पोलारी' बोलत. नाटकवाले, खलाशी आणि समलैंगिक पुरुष यांच्यात चालणारी ही चोरबोली. 'बोना' म्हणजे छान, 'वाडा' म्हणजे बघ. लाखो कुटुंबं रविवारचं जेवण आटोपताना पोट धरून हसत होती. त्या दोन पात्रांचं राहणं-वागणं तेव्हा, १९६७ च्या उन्हाळ्यापर्यंत, कायद्यानं गुन्हा होतं. सँडी रंगवणारे केनेथ विल्यम्स हे घराघरांत ओळखीचे झाले, पण स्वतःच्या समलैंगिकतेविषयी ते जाहीरपणे कधी बोलले नाहीत.

(पडद्यावर: वेस्टमिन्स्टर. प्रतोदांच्या कार्यालयाचा बंद दरवाजा.)

गप्प बसण्याचा भाव मात्र सगळ्यांना सारखा नव्हता. पत्रकार टॉम ड्रायबर्ग यांच्यावर १९३५ मध्ये खटला झाला. ते निर्दोष सुटले, पण महत्त्वाचं ते नाही. त्यांच्या वृत्तपत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी वजन खर्च केलं आणि खटल्याचं अवाक्षरही कुठे छापून आलं नाही. ड्रायबर्ग पुढे खासदार झाले, मजूर पक्षाचे अध्यक्षही झाले. पाठीशी असा मालक नसलेल्यांची नावं गावच्या पेपरात पत्त्यासकट छापली जात होती.

आणि संसदेत प्रतोद होतेच. १९९५ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटात टिम फॉर्टेस्क्यू बोलले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते हुजूर पक्षाचे प्रतोद होते. अडचणीत सापडलेला खासदार शहाणा असला तर प्रतोदांकडे येऊन सगळं खरं सांगतो, असं ते म्हणाले. कर्ज झालं असेल, लहान मुलांची भानगड असेल, काहीही. प्रतोद त्याला जमेल तितकी मदत करतात, कारण मग तो माणूस कायमचा त्यांच्या ऋणात राहतो. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात ओशाळलेपण नव्हतं. जुन्या काळची कामाची पद्धत समजावून सांगावी, तसे ते बोलत होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे ती मूठ दुसऱ्याच्या हातात होती.

फॉर्टेस्क्यूंच्या त्या वाक्यात कर्ज आणि मुलं एकाच दमात येतात. दोन प्रौढ पुरुषांचं प्रेम, एखाद्या पोरावरचा अत्याचार, सट्ट्यातलं देणं, सगळं एकाच कपाटात, एकाच नावाखाली. भानगड. त्या पोराचं पुढे काय झालं, हा प्रश्न त्या कपाटात मावत नव्हता.

१९७९ चा मे महिना घ्या. लिबरल पक्षाचे माजी नेते जेरेमी थॉर्प लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. नॉर्मन स्कॉट हा माणूस आपल्या थॉर्प यांच्याशी असलेल्या संबंधांविषयी वर्षानुवर्षं बोलत होता, आणि त्याचा खून करण्याच्या कटाचा आरोप थॉर्प यांच्यावर होता. १९७५ मध्ये एक्समूरच्या माळावर गोळी सुटली होती, पण मेली ती स्कॉटची कुत्री, रिंका. न्यायाधीश कँटली यांनी ज्युरीला समारोप करताना मुख्य साक्षीदार स्कॉटला लबाड, ऐतखाऊ, रडतराऊत, बांडगूळ असं काय काय म्हणून घेतलं. थॉर्प आणि सहआरोपी निर्दोष सुटले. बीबीसीच्या 'पॅनोरमा'नं या प्रकरणावर कार्यक्रम तयार ठेवला होता, तो निकालानंतर कपाटात गेला आणि २०१८ मध्ये पडद्यावर आला.

झाडून सगळी वृत्तपत्रं त्या खटल्यावर तुटून पडली होती. त्याच महिन्यात रॉचडेलच्या एका छोट्या पर्यायी नियतकालिकानं त्याच पक्षाच्या सिरिल स्मिथ यांच्याबद्दल छापलं. साठच्या दशकात, केंब्रिज हाउस या मुलांच्या वसतिगृहात, त्यांनी पोरांशी काय केलं याबद्दल. पोलिसांनी तक्रारी घेऊन फाइल तयार केली होती; १९७० मध्ये वरून खटला न भरण्याचा सल्ला आला होता. लंडनमध्ये 'प्रायव्हेट आय' या उपहासात्मक नियतकालिकानं ती बातमी उचलली. बाकी शांतता.

एका पुढाऱ्याचं पुरुषावरचं प्रेम आठवडेच्या आठवडे पहिल्या पानावर चघळलं जात होतं, तेव्हा दुसऱ्या पुढाऱ्यावरचे मुलांचे आरोप छापायला मोठं वृत्तपत्र मिळेना. थॉर्प यांच्या खटल्यात खुनाचा कट होता, तेव्हा गर्दी होणारच, हे मान्य. पण दुसरीकडे एकही बातमीदार का फिरकला नाही?

पक्षाचे तेव्हाचे नेते डेव्हिड स्टील यांनी स्मिथ यांना बोलावून विचारलं होतं. २०१९ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या चौकशी आयोगासमोर स्टील यांनी स्वतःच ते सांगितलं. स्मिथ यांच्या उत्तरावरून आरोपांत तथ्य असावं असं आपल्याला वाटलं, पण ते सगळं स्मिथ खासदार होण्यापूर्वीचं होतं, सबब आपला संबंध नव्हता, असं त्यांचं म्हणणं. १९८८ मध्ये 'सर' किताबासाठी स्मिथ यांची शिफारस स्टील यांनीच केली होती. स्मिथ २०१० मध्ये वारले. १९७० चा तो निर्णय आज झाला नसता, हे सरकारी अभियोक्त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केलं.

(पडद्यावर: टीव्ही स्टुडिओ, रिकामी प्रेक्षक-बाकं.)

सॅव्हिलबद्दल कुजबुज कायम होती. १९७३ मध्ये रेडिओ वनच्या वरिष्ठांनी त्याला विचारलं; तो नाही म्हणाला, विषय मिटला. १९७८ मध्ये गायक जॉन लायडन बीबीसीच्याच मुलाखतीत त्याच्याविषयी उघड बोलला. तो भाग प्रसारित झाला नाही. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या २०१६ च्या अहवालात बीबीसीच्या कामाशी निगडित ७२ बळी मोजले आहेत. पहिली घटना १९५९ ची, शेवटची २००६ ची. एका कनिष्ठ कर्मचारी मुलीनं आपल्या वरिष्ठाकडे तक्रार केली, तेव्हा तिला तोंड बंद ठेवायला सांगण्यात आलं, कारण तो बडा माणूस होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. ऑक्टोबर २०११ मध्ये सॅव्हिल मेला. बीबीसीच्या 'न्यूजनाइट'नं त्याच्यावरचा तपास हाती घेऊन सोडून दिला. वर्षभरानं आयटीव्हीनं तो विषय दाखवला.

हीच बीबीसी गुप्ततेची किती काळजी घेऊ शकत होती पाहा. ऑक्टोबर १९९८ मध्ये स्तंभलेखक मॅथ्यू पॅरिस 'न्यूजनाइट'वर सहज बोलून गेले की मंत्री पीटर मँडेलसन समलैंगिक आहेत. लगेच संस्थेत फतवा निघाला, कुठल्याही कार्यक्रमात मँडेलसन यांच्या खासगी आयुष्याचा उल्लेख करायचा नाही. एका प्रौढ माणसाच्या कायदेशीर आयुष्यासाठी लेखी आदेश तातडीनं निघू शकत होता.

या सगळ्यात ज्यांनी काही लपवलं नाही किंवा ज्यांना लपवू दिलं नाही, त्यांची गत वाईट झाली. मजूर पक्षाच्या खासदार मॉरीन कोलक्यून एका स्त्रीबरोबर राहतात हे १९७६ मध्ये एका गप्पांच्या सदरानं चव्हाट्यावर आणलं. पुढच्याच वर्षी स्थानिक पक्षशाखा त्यांची उमेदवारी काढून घ्यायला उठली, १९७९ मध्ये त्या हरल्या. १९८३ च्या बर्मंडसी पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचे समलैंगिक उमेदवार पीटर टॅचेल यांच्याविरुद्ध इतका गलिच्छ प्रचार झाला की आजही त्याचं उदाहरण देतात. जिंकलेले सायमन ह्यूज यांनी २००६ मध्ये, स्वतः पुरुषांशीही संबंध ठेवल्याचं सांगताना, त्याबद्दल माफी मागितली. १९८४ मध्ये रग्बी शहरातल्या सभेत खासदार क्रिस स्मिथ आपण समलैंगिक आहोत असं उभं राहून म्हणाले. कुणी भाग न पाडता असं सांगणारे ते पहिले खासदार.

२०१२ नंतर काटा भलतीकडे झुकला. 'न्यूजनाइट'च्या एका चुकीच्या कार्यक्रमामुळे हुजूर पक्षाचे लॉर्ड मॅकअल्पाइन यांच्यावर मुलांवरच्या अत्याचाराचा खोटा संशय घेतला गेला. कार्यक्रमात नाव नव्हतं, समाजमाध्यमांनी ते पुरवलं. बीबीसीचे महासंचालक जॉर्ज एंटविसल ५४ दिवसांत पायउतार झाले. त्याच आठवड्यात एका टीव्ही कार्यक्रमात निवेदकानं पंतप्रधान कॅमेरन यांच्या हातात इंटरनेटवरून उतरवलेली संशयितांची यादी ठेवली. यातून समलैंगिक माणसांचीच शिकार सुरू होईल, असं कॅमेरन म्हणाले. यादी देण्याच्या त्या प्रकाराइतकंच हे उत्तरही मला अस्वस्थ करतं. मुलांवरचा अत्याचार म्हटल्यावर पंतप्रधानांना आधी समलैंगिक आठवले, इतके ते दोन विषय एकमेकांत गुंतले होते. मग कार्ल बीच नावाच्या माणसानं बड्या लोकांच्या अत्याचारांची जी बनावट कहाणी सांगितली, तिच्यावर पोलिसांनी माजी लष्करप्रमुख लॉर्ड ब्रॅमल यांच्यासकट अनेकांच्या घरांची झडती घेतली. २०१९ मध्ये बीचला १८ वर्षांची शिक्षा झाली.

(पडद्यावर: जून २०२२, लंडनमधला कार्लटन क्लब.)

३० जून २०२२ ला हुजूर पक्षाच्या क्रिस पिंचर यांनी राजीनामा दिला. आदल्या रात्री त्यांनी क्लबमध्ये दोन पुरुषांच्या अंगचटीला गेल्याचा आरोप होता. पिंचर कोण होते? उपमुख्य प्रतोद.

या वेळी दोघं पुरुष होते म्हणून कुणी भुवया उंचावल्या नाहीत. सगळे एकच विचारत होते, पंतप्रधानांना आधी काय माहीत होतं? पिंचर यांच्याविरुद्धच्या आधीच्या नेमक्या कुठल्याही तक्रारीची बोरिस जॉन्सन यांना कल्पना नव्हती, असं सुरुवातीला सांगण्यात आलं. ५ जुलैला परराष्ट्र खात्याचे माजी सचिव सायमन मॅकडोनल्ड यांनी पत्र लिहून जाहीर केलं की २०१९ च्या तक्रारीची माहिती जॉन्सन यांना स्वतःला देण्यात आली होती. मंत्री एकामागून एक बाहेर पडू लागले.

७ जुलैला जॉन्सन यांनी पक्षनेतेपद सोडत असल्याचं जाहीर केलं.