ट्रकला ईएलडी बसवताना

मंडळी, ट्रक घेताना आपण टायरची झीज बघतो, तेलाची काडी ओढून बघतो, आधीच्या मालकाला खोदून खोदून विचारतो. ईएलडी, म्हणजे अमेरिकेत ड्रायव्हरच्या कामाचे तास आपोआप नोंदवणारं सक्तीचं यंत्र, घेताना मात्र दोनच प्रश्न निघतात: महिन्याला किती, आणि पहिला महिना फुकट का? माझं म्हणणं एवढंच, की पहिला प्रश्न तिसराच असावा. हे यंत्र बिघडलं तर माझ्या ट्रकचं काय होईल? आजचं सगळं बोलणं याच प्रश्नाभोवती आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दोन-चार गाड्या आहेत, एखाद-दोघांची एकच. मोठ्या कंपनीकडे हे सांभाळायला वेगळा विभाग असतो. तुमच्याकडे तो विभाग म्हणजे तुम्ही, किंवा तुमची बायको.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ट्रकचालकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा 1930 च्या दशकापासून आहे. इतकी वर्षं नोंद कागदावर होती आणि कागदाला काय, जे लिहाल ते चालायचं. 2012 मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला, डिसेंबर 2015 मध्ये एफएमसीएसएने, म्हणजे ट्रक-बसच्या सुरक्षेचं बघणाऱ्या सरकारी खात्याने, नियम काढला आणि 18 डिसेंबर 2017 पासून सक्ती आली. 1 एप्रिल 2018 पासून यंत्र नसलेल्या गाडीला तपासणीत जागच्या जागी थांबवायला सुरुवात झाली. मालवाहू ट्रक असेल तर 10 तास तिथेच उभा. मालाची वेळ चुकली, ब्रोकर वैतागला, ड्रायव्हर उपाशी. यंत्राची खरी किंमत मोजायची तर ती या 10 तासांत मोजा.

त्याआधी एक नियम 2010 मध्येही आला होता, आणि 2011 मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. मालक या यंत्राच्या आडून ड्रायव्हरला छळणार नाही, याचा पुरेसा विचार सरकारने केला नव्हता, हे कारण. म्हणून आताच्या नियमात छळाविरुद्ध स्पष्ट तरतूद आहे. बारीक उदाहरण देतो: ड्रायव्हर स्लीपरमध्ये, म्हणजे केबिनमधल्या झोपायच्या जागेत, झोपलेला असताना यंत्राचा आवाज बंद करता आलाच पाहिजे. गाड्यांना कामं वाटणाऱ्या डिस्पॅचरने मध्यरात्री पिंग-पिंग करून उठवायचं नाही. विकत घेताना हे बटण कुठे आहे ते विचारा. विकणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो ट्रकमध्ये कधी झोपलेला नाही एवढं कळेल.

हे यंत्र काय करतं, यावरही खूप गैरसमज आहेत. ते ट्रक बंद पाडत नाही. तास संपले म्हणून इंजिन थांबत नाही. तुमची नोंद ते आपणहून सरकारला पाठवत नाही. तपासणीत मागितली तरच जाते. ते इंजिनच्या कॉम्प्युटरला जोडलेलं असतं आणि इंजिन चालू आहे का, चाकं फिरताहेत का, किती मैल झाले, किती इंजिन-तास झाले, एवढं लिहून ठेवतं. ताशी 5 मैलांच्या वर वेग गेला की नोंद ‘ड्रायव्हिंग’वर जाते. गाडी 5 मिनिटं उभी राहिली की विचारतं, अजून चालवताय का? मिनिटभर उत्तर नाही आलं तर आपणच ‘ऑन ड्युटी’ करून टाकतं. धावत असताना तासाला एकदा जागा नोंदवतं, साधारण मैलभराच्या अचूकतेने. ड्रायव्हर खाजगी कामाला गाडी नेत असेल आणि त्याने तसं नोंदवलं असेल, तर ही अचूकता मुद्दाम 10 मैलांवर आणली जाते, म्हणजे कोणाच्या घरी गेला ते कळू नये.

आता तास. 10 तास सलग विश्रांतीनंतर काम सुरू केलं, की 14 तासांची खिडकी, म्हणजे मुदत, उघडते. त्या खिडकीत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवायची. 8 तास चालवून झालं की पुढे चालवायच्या आधी अर्धा तास थांबा. आठ दिवसांत कामाचे एकूण 70 तास, आणि 34 तास सलग सुट्टी घेतली की हिशेब नव्याने सुरू. नियम ऐकायला सोपा आहे. पण सकाळी 6 ला गाडी सुरू केली आणि गोदामात माल उतरवायला चार तास बसवून ठेवलं, तर ते चार तास खिडकीतून गेले. रात्री 8 ला खिडकी बंद, मग तुम्ही 11 तास चालवलं असो की सात. स्लीपरमध्ये 7 आणि 3 अशी विश्रांती विभागून घेतली तर खिडकी लांबवता येते, पण ते गणित नीट येणारा ड्रायव्हर आणि ते नीट दाखवणारं ॲप दोन्ही लागतात. कागदाच्या काळात हे चार तास पेन्सिलीने मिटवले जायचे. आता मिटत नाहीत, म्हणून गोदामवाल्याकडून थांबण्याचे पैसे मागायची वेळ आली आहे. यंत्राच्या नोंदीत वेळ आणि जागा दोन्ही असतात. बिलाला ती जोडा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सक्तीनंतरच्या तपासण्यांचे आणि अपघातांचे आकडे संशोधकांनी तपासले. तास मोडण्याचं प्रमाण घटलं, पण अपघात घटल्याचं दिसलं नाही. उलट छोट्या कंपन्यांच्या चालकांमध्ये वेगमर्यादा मोडणं वाढलं. घड्याळ मागे लागलं की पाय पेडलवर जातो. ड्रायव्हर दमलाय हे यंत्राला दिसत नाही, चाक फिरतंय एवढंच दिसतं. हे मालकाने विसरू नये.

खरेदीकडे येऊ. पहिली गोष्ट, एफएमसीएसएच्या वेबसाइटवर नोंदणीकृत यंत्रांची यादी आहे. त्यात नाव असणं आवश्यक आहे, पण ते पुरेसं नाही. कारण अमेरिकेत उत्पादक स्वतःच सांगतो की माझं यंत्र नियमात बसतं. कॅनडाने वेगळं केलं, तिथे त्रयस्थ संस्थेकडून चाचणी सक्तीची आहे. तुमची गाडी डेट्रॉइटवरून पूल ओलांडून ओंटारिओत जात असेल, तर कॅनडाचं प्रमाणपत्र असलेलंच यंत्र घ्या. कॅनडात प्रमाणित झालेलं असणं हे मला तरी अमेरिकेत राहणाऱ्यासाठीही चांगलं लक्षण वाटतं, निदान कोणीतरी ते बाहेरून तपासलेलं असतं.

त्याच वेबसाइटवर दुसरी यादी असते, बाद केलेल्या यंत्रांची. तुमचं यंत्र त्यात गेलं की बदलायला 60 दिवसांपर्यंत मुदत मिळते. तोवर कागदावर लिहायचं. आणि एक धोक्याची खूण. कोणी फोनवर सांगितलं, ‘रात्री कॉल करा, तुमचे तास परत मिळवून देतो,’ तर फोन ठेवा. यंत्राने आपोआप नोंदवलेला चालवण्याचा वेळ कोणालाच कमी करता येत नाही. बाकीच्या नोंदीत दुरुस्ती केली तरी मूळ नोंद खाली राहते आणि मालकाने केलेली दुरुस्ती ड्रायव्हरने मान्य करावी लागते. जो हे मागच्या दाराने करून देतो, तो पकडला जाईल तेव्हा त्याच्यासोबत तुमचीही गाडी थांबेल.

दरमहा साधारण 20 ते 40 डॉलर, असा सध्याचा बाजार आहे. यंत्र फुकट म्हणतात तिथे कंत्राट वाचा. तीन वर्षांचं असतं, आपोआप पुढे चालू होतं, मधेच सोडलं तर उरलेले सगळे महिने भरायचे. तुम्ही ट्रक विकला तरी. गाड्या दोन-चार असतील तर महिन्याला चार डॉलर जास्त देऊन महिन्याच्या बोलीवर घ्या. शिवाय विचारा, सोडून गेल्यावर माझ्या जुन्या नोंदी मला कशा मिळतील? सहा महिने त्या जपायच्या आहेत, आणि कंपनी बंद पडली तरी जबाबदारी तुमचीच. सिमचंही विचारा. 2022 मध्ये इथलं थ्रीजी बंद झालं तेव्हा कितीतरी यंत्रं एका दिवसात मुकी झाली होती.

बसवणं हा भाग लोक हलक्यात घेतात. ‘प्लग लावा, झालं’ म्हणतात. स्टिअरिंगच्या खाली डाव्या बाजूला नऊ पिनांचं गोल सॉकेट असतं. जुन्या गाडीत काळं, साधारण 2016 नंतरच्या गाडीत हिरवं. हिरव्या प्लगची केबल दोन्हीत बसते, काळ्याची हिरव्यात बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करू नका. हिरव्या लाइनवर डेटाचा वेग दुप्पट आहे, ते मुद्दामच बसू नये असं बनवलंय. फार जुन्या गाड्यांत सहा पिनांचं सॉकेट असतं, व्होल्वो आणि मॅकच्या बऱ्याच नव्या गाड्यांत 16 पिनांचं. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी सॉकेटचा फोटो काढून विकणाऱ्याला पाठवा. चुकीची केबल आली तर आठवडा गेला.

सॉकेट अशा जागी आहे की ड्रायव्हरचा डावा बूट येता-जाता त्याला लागतो. प्लग थोडा ढिला झाला की यंत्र आणि इंजिन यांचा संवाद तुटतो. 24 तासांत असा एकूण अर्ध्या तासाहून जास्त तुटला, की यंत्र ‘ई’ हा बिघाड दाखवतं, आणि तपासणारा अधिकारी ते अक्षर बघतोच. उपाय साधा आहे. दोन तोंडांची केबल घ्या, मूळ सॉकेटच्या जागी तिचं एक तोंड पक्कं बसवा म्हणजे मेकॅनिकला स्कॅनर लावायला जागा राहील, आणि यंत्राचा डबा पॅनेलच्या मागे, वर नेऊन बांधा. वायर पेडलच्या आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर ठेवा. डब्यातच जीपीएस असेल तर तो लोखंडाच्या मागे दडवू नका, आकाश दिसू दे.

मग किल्ली फिरवा आणि बघा: व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, बरोबर वाचला का? मैलांचा आकडा डॅशबोर्डशी जुळतो का? इंजिन बदललेली गाडी असेल तर तो जुळत नाही, ते तेव्हाच नीट करून घ्या. टाइमझोन गाडी जिथे आहे तिथला नको, तुमच्या कंपनीच्या ठिकाणचा लावा. ट्रक नेवाडात असला तरी न्यू जर्सीच्या कंपनीचा लॉग न्यू जर्सीच्या वेळेत. ड्रायव्हरच्या खात्यावर लायसन्सचा नंबर आणि राज्य अचूक. मालक स्वतः चालवत असेल तरी त्याची खाती दोन: ऑफिसचं वेगळं, चालवण्याचं वेगळं. मग आवारात फिरवून आणा आणि अधिकाऱ्याला फाइल पाठवायची पद्धत एकदा ड्रायव्हरकडूनच करून घ्या. वजनकाट्यावरच्या तपासणीत पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही. अधिकारी एक कोड देतो, तो टाकून फाइल पाठवायची. ती जात नसेल तर स्क्रीन दाखवायची. नोंद दाखवणारा टॅब्लेट गाडी चालवताना घट्ट बसलेला आणि ड्रायव्हरला दिसेल असा हवा, पण अधिकाऱ्याला केबिनमध्ये न चढता वाचता यायला हवा. म्हणून स्टँड मजबूत आणि एका हाताने निघणारा घ्या. ड्रायव्हरच्या स्वतःच्या फोनवर हे चालवणं मला पटत नाही. आपला फोन अनोळखी माणसाच्या हातात द्यायला कोणाला आवडेल?

लॉग-इन न करता मेकॅनिकने गाडी हलवली, तर ते मैल बेवारस पडतात. रोज संध्याकाळी बघून ते कोणाचे ते लिहा. महिनाभर साचले की ऑडिटमध्ये तेच आधी वर येतं.

आता सुरुवातीचा प्रश्न: बिघडलं तर? ड्रायव्हरने 24 तासांत मालकाला कळवायचं, आजचा आणि मागच्या सात दिवसांचा लॉग परत उभा करायचा, आणि दुरुस्ती होईपर्यंत कागदावर लिहायचं. मालकाकडे दुरुस्तीला 8 दिवस. म्हणून केबिनमध्ये निदान आठ दिवस पुरतील एवढे कोरे लॉग-कागद, फाइल पाठवण्याची आणि बिघाडाची सूचना, हे सगळं असलंच पाहिजे. विकणाऱ्याला रविवारी रात्री फोन लावून बघा, घ्यायच्या आधी. उचलला तर पुढे बोला.

एकाने मघाशी विचारलं, आपल्याकडे भारतात असं काही आहे का? 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, ही मर्यादा होतीच; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. एआयएस-140 या मानकाचं, प्रवासी वाहनांसाठीचं जागा दाखवणारं यंत्रही आहे, आपत्कालीन बटणासह. पण कोण किती तास चालवतोय हे ते मोजत नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

शेवटचा प्रश्न जुन्या ट्रकचा आला आहे, यंत्र लागत नाही म्हणून तो महाग मिळतोय, घ्यावा का? सूट इंजिनच्या वयावर आहे, गाडीच्या नाही. इंजिन 2000 च्या आधीच्या मॉडेलचं हवं, आणि त्याचे कागद ऑफिसात ठेवायला हवेत. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, ब्लॉकवरची पाटी स्वतः वाचा. आणि सूट फक्त यंत्रापुरती आहे. 11 आणि 14 तास त्या ट्रकलाही तेवढेच, रेघा तेवढ्या हाताने मारायच्या.