फोन वाजला की नेट जातं? आधी घरातला विसरलेला फोन शोधा

राम राम मंडळी.

मॉडेमच्या दिव्यांवर मागे एक व्हिडिओ केला होता, त्याखाली एकच प्रश्न सारखा येऊन राह्यला. धुळ्याच्या एका ताईंनी अहिराणीत लिहिलंय, "भाऊ, फोन वाजस आनि नेट जास, काय करू?" चोपड्याच्या एका काकांचं उलटं आहे. नेट चालू असलं की फोनवर खरखर, आणि मुलगा सुरतहून बोलतो त्यातलं निम्मं ऐकूच येत नाही. यावलच्या एका भाऊंनी तर दोनदा मॉडेम बदललं, तरी दुखणं तेच.

आणि त्यांच्याच खाली कोणीतरी लिहून जातं, "आता तांब्याची लाइन कोण वापरतं? फेकून द्या." हे मला खरंच आवडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी अशी गावं आहेत जिथं मोबाइलला रेंज घ्यायला गच्चीवर चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजीनं रात्री दहा वाजता गच्चीवर जायचं का? तिला तो एक नंबर पाठ आहे, घरच्यांना तो नंबर पाठ आहे. ती लाइन नीट चालली पाहिजे. म्हणून हा व्हिडिओ.

मूळ गोष्ट पटकन सांगतो, बहुतेकांना ती ठाऊक आहे. तांब्याच्या तारांच्या एकाच जोडीवरून दोन कामं चालतात, बोलणं आणि नेट. आपला आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात जातो. एडीएसएलचं, म्हणजे फोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं नेट साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर सुरू होतं आणि ११०० किलोहर्ट्झपर्यंत जातं, एडीएसएल टू प्लस, म्हणजे त्याचाच वेगवान प्रकार असेल तर २२०० पर्यंत. दोन्हींच्या मधे भरपूर मोकळी जागा आहे. तारेवर त्यांचं भांडण होत नाही. भांडण लावतो तो फोन. फोनचं यंत्र बनवणाऱ्यानं नेटचा विचारच केलेला नसतो, त्यामुळं नेटच्या लहरी आत शिरल्या की त्याची सर्किट्स गोंधळतात आणि आपल्याला सूं-सूं ऐकू येतं. उलट बाजूनं, रिंग आली किंवा रिसीव्हर उचलला की लाइनवरचा भार एकदम बदलतो, मॉडेमचं सिंक, म्हणजे एक्सचेंजशी जुळलेलं नातं, तुटतं, आणि ते परत जुळेपर्यंत एक-दोन मिनिटं नेट गायब.

(स्प्लिटर हातात घेऊन)

हे थांबवायला ही डबी, स्प्लिटर. हिला तीन तोंडं असतात. लाइन लिहिलंय तिथं रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीतून आलेली तार, फोन लिहिलंय तिथं फोन, मॉडेम लिहिलंय तिथं मॉडेम. फोनच्या तोंडामागे फिल्टर बसवलेला असतो, तो फक्त आवाज पुढे जाऊ देतो. मॉडेम चुकून फोनच्या तोंडाला लावलं तर मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकत राहील, स्थिर होणार नाही. एवढं तपासा आणि पुढे चला.

आता खरा मुद्दा. स्प्लिटरच्या आधी घरातला एकही फोन नको. एकही नको. स्प्लिटर लावलाय असं नव्वद जण सांगतात, पण त्याच्या आधी काय जोडलंय ते कोणी सांगत नाही.

आपल्याकडे ठिबक घरोघरी आहे, म्हणून ठिबकवरूनच सांगतो. तुम्ही विहिरीवर फिल्टर बसवला. पण केळीच्या एका पट्ट्यासाठी फिल्टरच्या आधीच फाटा काढून लॅटरल सोडली. त्या पट्ट्यातले ड्रिपर गाळानं बंद होणारच ना? मग फिल्टर खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडून काय उपयोग? फिल्टर चांगलाच आहे, पाणी त्याच्यातून गेलंच नाही. स्प्लिटरचं अगदी तसंच. रोझेटवरून एक तार पुढच्या खोलीत स्प्लिटरला गेली, आणि त्याच रोझेटच्या मागून दुसरी तार वरच्या खोलीतल्या पॅरलल फोनला, म्हणजे त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनला गेली. तो वरचा फोन म्हणजे फिल्टरच्या आधी काढलेला फाटा.

आणि इथं एक फरक आहे. ठिबकमधे त्रास त्या एका पट्ट्यालाच होतो. इथं वरचा एक बिनफिल्टरचा फोन सगळ्या घराचं नेट पाडतो.

माझ्या आत्याच्या घरी हेच झालं. अमळनेरला तिचं जुनं घर आहे, पुढे ओसरी, मधे माजघर, मागे धान्याची खोली. फोन वाजला की नेट बंद. कंपनीचा माणूस चार वेळा येऊन गेला, मॉडेम बदलून गेला, स्प्लिटर बदलून गेला, तरी फरक नाही. आत्या मला म्हणे, "दादा, हे नेट काढूनच टाक, पण फोन राहू दे." मी गेलो, रोझेटचं झाकण उघडलं, तर स्क्रूखाली दोनऐवजी तीन तारा. तिसरी तार भिंतीच्या कडेनं, खुंटीच्या मागून, थेट धान्याच्या खोलीत. तिथं पोत्यांच्या मागे फुवाजींच्या वेळचा जुना फोन, रिसीव्हर जागेवर, धुळीनं माखलेला. कितीतरी वर्षांत कोणी उचलला नसेल. पण तो जोडलेला होता, आणि रिंग आली की त्याची घंटी लाइनवरचा करंट स्वतःकडे ओढायची. ती एक तार सोडवली, त्या दिवसापासून नेट गेलं नाही. फुवाजी आता नाहीत, म्हणून आत्यानं तो फोन टाकू दिला नाही, पुसून शोकेसमध्ये ठेवलाय. लाइनला जोडलेला नाही, एवढं मी बघितलं.

म्हणून शोधताना "आम्ही तो वापरत नाही" हे उत्तर चालत नाही. वापरता की नाही हे लाइनला कळत नाही, जोडलंय की नाही एवढंच कळतं. अडत दुकानात कोपऱ्यात पडलेलं फॅक्स मशीन जोडलेलं असतं. नंबर दाखवणारी छोटी डबी जोडलेली असते. कॉर्डलेसचा बेस जोडलेला असतो. सगळे मोजा.

वरचा फोन हवाच असेल तर दोन वाटा आहेत. त्या फोनला त्याचा वेगळा मायक्रोफिल्टर, म्हणजे एका फोनपुरती फिल्टरची छोटी डबी लावा, किंवा वरची तार रोझेटवरून काढून स्प्लिटरच्या फोन लिहिलेल्या तोंडावरून पुढे न्या. मला दुसरी जास्त आवडते, कारण एका फिल्टरमागे अख्खं घर येतं.

हे माझ्या शब्दावर मानू नका, आकड्यात बघा. ब्राउझरमधे मॉडेमचं पान उघडा, बहुतेकांचं १९२.१६८.१.१ वर उघडतं. तिथं एसएनआर मार्जिन लिहिलेलं असतं. म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती शिल्लक आहे ते, डेसिबलमध्ये. ६ च्या खाली आलं की लाइन तुटायला लागते, १० च्या वर असलं तर निर्धास्त. आकडा वहीत लिहा. मग एक एक फोन काढा, पान ताजं करा, परत लिहा. ज्या फोनला हात लावल्यावर आकडा चटकन वर गेला, तोच आपला फाटा.

सगळे फोन फिल्टरमागे घेतले आणि तरी खरखर आहे? मग घर दोषी की बाहेरची लाइन, ते ठरवा. घरातलं सगळं काढा, मॉडेमसकट. एक साधा वायरवाला फोन घ्या, कॉर्डलेस नको, आणि तो थेट रोझेटला लावा. एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल. त्या शांततेत ऐका. अजून चरचर असेल तर दोष बाहेर आहे, तुम्ही घरात कितीही डब्या बदला. शांत असेल तर दोष घरात आहे, लाइनमनला बोलावून त्याचा दिवस घालवू नका.

बाहेरचा दोष आपल्याकडे बहुतेक जॉइंटचा असतो, आणि त्याचं कारण आपलं हवामान. दोन तारा पिळून वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, पट्टीचा डिंक वितळतो, पट्टी सुटते. मृगाचा पहिला पाऊस आत शिरतो, तांबं हिरवं पडतं. "पाऊस आला की फोन खराब" म्हणतात ते हे. असा जॉइंट खराब असेल तर घरात सगळं बरोबर असूनही रिंग आली की नेट जाऊ शकतं. एक तार पूर्ण तुटली तर आणखी विचित्र होतं. फोन मुका, डायल टोन नाही, पण नेट रडतखडत चालू. लोकांना वाटतं नेट चालतंय म्हणजे लाइन ठीक आहे. नाही, नेटच्या उंच लहरी तुटलेल्या जागीही थोड्या पलीकडे पोचतात, आवाजाचा करंट पोचत नाही. तक्रार देताना हे नीट सांगा, "डायल टोन नाही पण नेट हळू चालू आहे." जाणकार लाइनमन तेवढ्यावरून समजतो आणि सरळ डीपीवर, म्हणजे जिथून घराघरांत तारा फुटतात त्या डबीवर जातो. टेलिफोनच्या डीपीवर, लाइटच्या नाही. जॉइंटला जेल भरलेला कनेक्टर लावून मागा, पट्टी नको.

स्वतः तारांना हात लावणार असाल तर एक सांगतो. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट असतात, रिंग येते तेव्हा ७५ च्या आसपास. ओल्या हातानं स्क्रू खोलताना फोन आला तर चांगलाच झटका बसतो. आणि वळवाचं आभाळ भरून आलं की विजा कडाडायच्या आधीच मॉडेमची लाइटची पिनही काढा आणि फोनची तारही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज फोनच्या तारेनंही येते.

रावेरच्या एका भाऊंनी विचारलंय की संध्याकाळी इन्व्हर्टर चालू झाला की नेट तुटतं. भाऊ, तुम्ही पाठवलेल्या फोटोत रोझेटपासून मॉडेमपर्यंत पंधरा-वीस फूट चपटी तार दिसते, तीही इन्व्हर्टरला चिकटून. ती चपटी तार गोंगाट गोळा करते. मॉडेम रोझेटजवळ आणा, आणि लांब न्यायचंच असेल तर लॅन केबल न्या, ती १०० मीटरपर्यंत चालते.

फायबर घेतलेल्यांसाठी थोडंच. तुमच्या फोनची तार आता त्या फायबरच्या डबीतून निघते, काचेतून प्रकाश येतो, त्यामुळं स्प्लिटर काढून टाका, त्याचं तिथं काम नाही. खरखर येत असेल तर आधी फोनचा दोर आणि फोनच बदलून बघा. आणि घरातला जुना पॅरलल त्या डबीला जोडायचा असेल तर बाहेरून येणारी जुनी तांब्याची तार रोझेटमधून आधी सोडवा. दोन्ही एकत्र ठेवू नका.

सगळं झालं की आता हे करा. मोबाइलवरून आपल्याच लँडलाइनला फोन लावा आणि मॉडेमसमोर उभे राहा. पूर्ण रिंग जाऊ द्या, मग घरातल्या कोणालातरी उचलायला सांगा, थोडं बोला, ठेवा. परत करा. तीन वेळा करा, कारण सैल जॉइंट एकदा फसवतो. डीएसएलचा दिवा एकदाही लुकलुकला नाही तर झालं. लुकलुकला, तर मला कॉमेंटमधे लिहा, पण लिहिताना रोझेटचं झाकण उघडून आत किती तारा आहेत ते मोजूनच लिहा.